बारा तारा आणि एक आवाज

बारा तारांची गिटार एकट्या गायकाच्या हातात क्वचितच दिसते. का, ते ती जुळवायला बसलं की लगेच कळतं. साध्या गिटारला जिथे एक तार, तिथे हिला तारांची जोडी. वरच्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा एकाच सुरात असतात. खालच्या चार जोड्यांमध्ये एक जाड तार आणि तिच्या शेजारी तोच सूर एक सप्तक वर देणारी बारीक तार. साध्या गिटारवर एखादी तार किंचित उतरली तर ते खपून जातं. इथे शेजारची तार लगेच साक्ष देते, दोन सुरांमध्ये थरथर सुरू होते आणि गाणाऱ्याचा स्वतःचा सूरही डळमळतो. जुळवताना आधी जाड तारा लावायच्या, तोवर जोडीतली दुसरी तार बोटाने दाबून मुकी ठेवायची, आणि मग बारीक तारा त्यांच्याशी मिळवायच्या. क्रम उलटा केला तर जाड तारांचा ताण चढताच गिटारची मान जराशी वाकते आणि आधी लावलेल्या बारीक तारा उतरतात. तिसऱ्या जोडीतली वरच्या सप्तकाची तार सगळ्यात बारीक, आणि तुटायची वेळ आली की बहुतेकदा तीच पहिली तुटते. सगळ्या तारा मिळून लाकडावर शंभर किलोंहून जास्त ओढ असते. वाद्य कच्चं असेल तर पुढची फळी फुगते, तारा जिला बांधलेल्या असतात ती घोडी उखडते, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि डाव्या हाताची बोटं तासाभरात दुखायला लागतात.

टेक्ससची तेहानो गायिका लिडिया मेंडोझा हे वाद्य गळ्यात अडकवून अर्ध्या शतकाहून जास्त काळ गायली. बहुतेक वेळा एकटी. बाजूला अकॉर्डियन नाही, मागे वाद्यवृंद नाही. तिची गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली लावलेली असे. त्यात हिशोब होता. तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. त्याच तारा षड्जावरून मंद्र पंचमापर्यंत उतरवल्या, तर लाकडावरची ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. पण मग तारा ढिल्या पडून पडद्यांवर खडखडतात, म्हणून जास्त जाड तारा चढवाव्या लागतात. त्या जाड तारांमधून जो खर्ज निघतो, त्यावर बाईचा मोकळा, उंच आवाज वेगळा उठून दिसतो. आवाज आणि साथ एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तिच्या कुठल्याही जुन्या तबकडीवर पहिल्या दहा सेकंदांत ऐकू येतं ते हेच: खाली घुमणारा खर्ज, वर बारीक तारांची चकाकी, आणि मधल्या रिकाम्या जागेत सरळ येऊन उभा राहणारा आवाज.

तेहानो म्हणजे टेक्ससमधले मेक्सिकन वंशाचे लोक. टेक्सस १८३६ पर्यंत मेक्सिकोत होतं. पुढे १८४५ साली ते अमेरिकेत सामील झालं आणि १८४८ च्या तहात रिओ ग्रांदे नदी ही सरहद्द ठरली. नदीच्या उत्तरेला राहिलेले आणि नंतर कामधंद्यासाठी ये-जा करणारे, अशा सगळ्यांची बोली, जेवण आणि गाणं या पट्ट्यात मिसळत गेलं. आज तेहानो म्हटलं की बाहेरच्या जगाला सेलेना आठवते. १९९५ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी मारली गेलेली, झगमगत्या कपड्यांतली, कीबोर्ड आणि ड्रम्सच्या तालावर नाचणारी सेलेना. ते आठवणं योग्यच आहे. पण बाईने मंचाच्या मधोमध उभं राहून स्वतःच्या नावावर गर्दी खेचायची, ही गोष्ट तिच्या साठ वर्षं आधी लिडियाने करून दाखवली होती, आणि तेही मंदीच्या काळात.

लिडियाचा जन्म २१ मे १९१६ चा, ह्यूस्टनचा. वडील फ्रान्सिस्को रेल्वेत काम करायचे, त्यामुळे कुटुंब टेक्सस आणि मेक्सिकोतलं मोंतेरेय यांच्यामध्ये सतत हलत राहिलं. मुलींना शाळेत घालणं वडिलांना पसंत नव्हतं. अक्षरओळख आईने घरीच करून दिली, आणि गिटारही आईनेच शिकवली. आईचं नाव लिओनोर. तिच्याही आईकडे गिटार होती, म्हणजे हे वाद्य त्या घरात बायकांच्या हातून बायकांच्या हाती आलेलं. आईच्या गिटारला हात लावायची परवानगी नव्हती तेव्हा चार वर्षांच्या लिडियाने फळीवर खिळे ठोकून त्यांना रबर ताणून बसवले होते, असं ती पुढे सांगत असे.

मोंतेरेयमध्ये त्या काळी च्युइंगगमच्या पुड्यांवर गाण्यांचे शब्द छापून यायचे. लिडिया ते कागद जमवायची. मला तिच्या सगळ्या घडणीत ही गोष्ट फार मोलाची वाटते. बहुतेक गायकांच्या कानावर आधी चाल पडते आणि शब्द तिच्या मागून येतात. लिडियाकडे कित्येक गाण्यांचे नुसते शब्द होते, चाल नव्हतीच. ते वाचून, पाठ करून ठेवायचे आणि कधीतरी कुठेतरी चाल भेटेल याची वाट पाहायची. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘माल ओम्ब्रे’, असंच मिळालं. शब्द कागदावरून आले, आणि चाल मोंतेरेयच्या एका नाट्यगृहात गाणं ऐकायला मिळालं तेव्हा. शब्द इतके दिवस स्वतःजवळ बाळगलेला माणूस चाल मिळाल्यावरही शब्दांना दुय्यम मानत नाही. तिच्या गाण्यात एकही अक्षर खाल्लं जात नाही, याचं मूळ मला इथे दिसतं.

१९२८ साली सॅन अँटोनियोच्या ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश वर्तमानपत्रात ओके या रेकॉर्ड कंपनीची जाहिरात आली. गायक हवे होते. मेंडोझा कुटुंब तिकडे पोहोचलं. आई गिटारवर, लिडिया मँडोलिनवर, वडील खंजिरीवर आणि धाकटी फ्रान्सिस्का ट्रँगल या त्रिकोणी तालवाद्यावर. एका बिअरच्या नावावरून त्यांनी स्वतःला ‘कार्ता ब्लांका चौकडी’ म्हणवून घेतलं. वीस गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि १४० डॉलर मिळाले, म्हणजे गाण्यामागे सात. मग काही नाही. पुढच्या हंगामात हेच कुटुंब बिटाच्या शेतात मजुरी करायला मिशिगनला गेलं. तिथून डेट्रॉइटला, मोटारींच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मेक्सिकन मजुरांच्या खानावळींत गात राहिलं, आणि मंदी आल्यावर १९३० च्या सुमाराला टेक्ससला परतलं. त्याच वर्षांत लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना, त्यांतल्या अनेक अमेरिकन नागरिकांनाही, दबाव आणून नाहीतर उचलून सीमेपलीकडे पाठवलं जात होतं.

सॅन अँटोनियोतली प्लासा देल साकाते ही तिची खरी पाठशाळा. दिवसा गवताचा आणि भाजीचा बाजार. संध्याकाळी मिरचीचं झणझणीत मांस विकणाऱ्या बायकांच्या गाड्या लागत आणि गाणाऱ्यांची टोळकी येत. गिऱ्हाईक बाकावर जेवत बसलेलं असे नाहीतर मोटारीत. टोळक्याने जवळ जायचं, तो सांगेल ते गाणं म्हणायचं, तो देईल ती नाणी घ्यायची. सगळं कुटुंब मिळून रात्रीकाठी पंचवीस-तीस सेंट हाती यायचे.

या जागेचे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते, पण ते फार कडक होते. एक, फर्माईश करणारा कुठून आला आहे सांगता येत नाही. कुणाला डोंगरातला कोरिदो हवा, म्हणजे दरोडेखोराची किंवा क्रांतिकारकाची कथा सांगणारा पोवाड्याच्या जातीचा प्रकार. कुणाला बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत. कुणाला आईवरचं वाल्स, म्हणजे तीन मात्रांच्या तालातलं गाणं. कुणाला पोल्का, म्हणजे दोन मात्रांच्या चालीवरचं नाचाचं गाणं. गाणं येत नसेल तर नाणं दुसऱ्या टोळक्याला. दोन, आवाज मोटारीच्या काचेपर्यंत आणि चुलीच्या धुरातून पोहोचला पाहिजे. लाडिक, नाकातला, दबलेला आवाज तिथे मरतो. आणि तीन, ऐकणारा दमलेला आहे. त्याला गाण्यातली गोष्ट पहिल्याच कडव्यात कळली पाहिजे. लिडियाचं पुढचं सगळं संगीत या तीन अटींतून आलेलं आहे असं मला वाटतं. गानप्रकारांमध्ये तिने कधी उच्च-नीच केलं नाही, कंप देऊन सूर सजवला नाही, आणि शब्द उच्चारले ते समोरच्या माणसाशी बोलावं तसे.

तिथेच मानुएल कोर्तेस यांनी तिला ऐकलं. ‘ला वोस लातिना’ हा त्यांचा स्पॅनिश रेडिओ कार्यक्रम होता. लोकांची पत्रं येऊ लागली, आणि पुढे एका टॉनिकच्या जाहिरातीपोटी आठवड्याला साडेतीन डॉलर ठरले. चौकातल्या कमाईशी ताडून पाहिलं तर ही रक्कम लहान नव्हती.

१९३४ साली ब्लूबर्डने तिचं ध्वनिमुद्रण केलं. ब्लूबर्ड ही आरसीए व्हिक्टरची स्वस्तातली शाखा. व्हिक्टर म्हणजे आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकडीवर बसलेला तोच कुत्रा अमेरिकेत ज्यांच्या तबकडीवर बसायचा ती कंपनी. व्हिक्टरची तबकडी पाऊण डॉलरला मिळे, ब्लूबर्डची ३५ सेंटला. मंदीत गरीब वस्त्यांपर्यंत पोहोचायला हीच किंमत उपयोगी पडली.

त्या काळचं ध्वनिमुद्रण कसं चालायचं हे समजून घेतल्याशिवाय त्या गाण्याचं मोल कळत नाही. कंपनीचे लोक यंत्रं घेऊन शहरात येत आणि हॉटेलातल्या खोल्या भाड्याने घेत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड कापड लावत. एकच मायक्रोफोन. सूर सुईपर्यंत पोहोचून मेणाच्या जाड चकतीवर कोरला जायचा. विजेच्या चढउताराने वेग बदलला तर सूर हलतो, म्हणून चकती फिरवायला बरेचदा खाली उतरणाऱ्या वजनाचं यंत्र वापरत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटं, फार तर वीस सेकंद जास्त. दिवा लागला की सुरू करायचं आणि जागा संपायच्या आत गाणं संपवायचं. चूक झाली की ती चकती बाद. गाऊन झाल्यावर ऐकूनही बघता येत नसे, कारण मेणावर सुई फिरवली की खाचा बिघडतात. आणि मायक्रोफोन एकच असल्यामुळे आवाज आणि गिटार यांचा तोल फक्त बसण्यावर ठरे. पुढे झुकलं तर गिटार बुजते, गिटार वर धरली तर तिच्या खर्जाने आवाज झाकला जातो. साथीदारांना मागेपुढे सरकवता येतं. एकटा माणूस आपलंच वाद्य आपल्यापासून किती लांब नेणार? तो तोल हाताच्या जोरावरच साधावा लागतो. ओळ गाताना तारा हलक्या, ओळ संपली की खर्जाची चाल मोकळी.

‘माल ओम्ब्रे’ म्हणजे दुष्ट माणूस. मूळ चाल टँगोच्या घराण्यातली. एक बाई एका पुरुषाला उद्देशून बोलते आहे. मी अजाण पोर होते तेव्हा तू भेटलास, गोड बोललास, फसवलंस, सोडून गेलास, आता तुझ्या जिवाचा नीचपणा सांगायला नावही सापडत नाही. शब्द जळजळीत आहेत, आणि गायिकेला अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. दुसऱ्या कुणी हे गाणं हुंदक्यांनी भरलं असतं. लिडिया ते जवळजवळ सपाट गाते. शेवटचा शब्द ओढत नाही, आवाजाला पाझर फुटू देत नाही. आरोप करणाऱ्याने रडू लागलं की ऐकणाऱ्याचं लक्ष आरोपावरून रडण्यावर जातं. इथे ते आरोपावरच राहतं. ओळींच्या मध्ये गिटारच्या खर्जातल्या पायऱ्या उतरतात, आणि त्या वेळेत बोललेलं मनात मुरतं. तीन मिनिटांत एक अख्खी जबानी पुरी होते. ही तबकडी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना प्रचंड चालली आणि लिडिया त्यानंतर मजुरांच्या टोळक्यातली गाणारी उरली नाही. १९४० पर्यंत तिने ब्लूबर्डसाठी दोनशेच्या आसपास गाणी दिली.

तीन मिनिटांच्या बाजूने गाण्याला कसं आवळलं, हे मराठी रसिकांना वेगळं सांगायला नको. त्याच दशकात भावगीतही याच मापात बसत होतं. फरक इतका की आपल्याकडे पेटी, तबला, व्हायोलिन असायचं. लिडियाकडे दोनच हात होते.

त्या दोन हातांचं काम तालाप्रमाणे बदलतं. वाल्समध्ये खर्जाचा एक सूर आणि मग दोन हलके झणकार. पोल्कात खर्ज आणि झणकार एकाआड एक, आणि खर्जाचा सूर षड्ज-पंचम असा आलटून पालटून. बोलेरोत चाल संथ, तिथे झणकार दाट झाला की गाणं जड होतं, म्हणून मधल्या मात्रा जवळजवळ रिकाम्या सोडायच्या. कोरिदोत तीस-चाळीस ओळी एकाच चालीवर असतात, त्यामुळे गिटारने फार काही करू नये, गोष्ट पुढे सरकू द्यावी. नवशिक्यांचं गाणं बिघडतं ते इथेच. बारा तारा आपोआपच भरगच्च वाजतात, आणि प्रत्येक मात्रेवर सगळ्या तारा छेडल्या की शब्दांना जागाच उरत नाही. लिडियाच्या साथीत न वाजवलेल्या तारा किती आहेत, ते ऐकण्यासारखं आहे.

याच वर्षांत तिच्या शेजारी तेहानो संगीताची दुसरी शाखा फुटत होती. नार्सिसो मार्तिनेस हा बटणांचं अकॉर्डियन वाजवणारा आणि सांतियागो आल्मेदा हा बाहो सेक्स्तोवर. बाहो सेक्स्तो म्हणजे सहा जोड्यांचं, खोल खर्जाचं मेक्सिकन तंतुवाद्य. अकॉर्डियन आणि आपली पेटी दोन्ही धातूच्या पात्यांची, भात्यावर चालणारी. पण पेटीची एक पट्टी एकच सूर देते, तर या अकॉर्डियनचं एक बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे चाल वाजवताना भाता सतत आतबाहेर होतो आणि त्यातून तो उड्या मारणारा, तुटक ठसका येतो. मार्तिनेसने अकॉर्डियनच्या डाव्या बाजूची खर्जाची बटणं जवळपास सोडून दिली, कारण खर्ज आल्मेदा सांभाळत होता. त्याचा उजवा हात मोकळा झाला आणि कोंहुंतो या नाचाच्या वाद्यमेळाचा पाया घातला गेला. त्यात गाणं आलं ते चाळीसच्या दशकाच्या शेवटी, वालेरियो लोंगोरियासारख्यांमुळे. नाचघरं आणि दारूचे गुत्ते ही कोंहुंतोची घरं, आणि ती पुरुषांची. लिडियाची घरं वेगळी होती. नाट्यगृहं, तंबू, चर्चची सभागृहं, जिथे बाया पोरंबाळं घेऊन येत.

तिथे ती एकटी नसे, सगळं कुटुंब सोबत असे. कार्यक्रम विविध प्रकारांचा. बहिणी हुआनिता आणि मारिया यांचं जोडगाणं, भाऊ मानुएलचे विनोदी प्रवेश, आईने बसवलेली छोटी नाटुकली, आणि शेवटी लिडिया आणि गिटार. कपडे घरीच शिवलेले. नाट्यगृहाच्या मालकाशी गल्ल्यातला वाटा ठरवायचा, गाडी भरायची, रात्रीत पुढचं गाव गाठायचं. वाटेतल्या कित्येक उपाहारगृहांवर मेक्सिकनांना प्रवेश नाही अशा पाट्या असत, त्यामुळे जेवण बरोबर न्यावं लागे. १९३५ मध्ये तिने हुआन आल्वारादो या चांभारकाम करणाऱ्याशी लग्न केलं. तीन मुली झाल्या. गाणं सुटलं नाही.

सुटलं ते युद्धात, आणि तेही काही वर्षांपुरतं. पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आलं आणि गाडीवर चालणारा फिरता धंदा बसला. तबकड्यांवर तर दुहेरी घाव होता. त्या काळची तबकडी लाखेची. लाख भारतातून जायची, आपल्या मध्य आणि पूर्व भागातल्या जंगलांत पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे जी करतात ती. समुद्रमार्ग धोक्यात आले, लाख युद्धसामग्रीला हवी होती, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरायला सत्तर टक्के कपात लावली. उरलेल्या लाखेत मोठ्या कंपन्या कुणाची गाणी छापणार? इंग्रजीतली खपाऊ गाणी. टेक्ससमधली स्पॅनिश गाणी पहिल्या झटक्यात बाद झाली आणि युद्ध संपल्यावरही त्या कंपन्या परत फिरकल्या नाहीत. ती पोकळी तिथल्याच माणसांनी भरली. १९४६ मध्ये अलीस गावात आर्मांदो मार्रोकीन यांनी पाको बेतांकूर यांच्या जोडीने आयडियल सुरू केली. मॅक्अॅलनमध्ये फाल्कन उभी राहिली. छोट्या कंपन्या, छोट्या खोल्या, जवळचेच वादक. आज आपण ज्याला तेहानो संगीत म्हणतो त्याला आकार आला तो या पोकळीमुळे. छोटा नागपुरातल्या झाडांवरच्या किड्यांचा आणि सॅन अँटोनियोतल्या गाण्याचा संबंध इतका थेट होता हे मला अजूनही थक्क करतं.

१९४७ पासून लिडिया पुन्हा रस्त्यावर आली आणि या नव्या कंपन्यांसाठी गाऊ लागली. इथे तिने कोंहुंतोबरोबर आणि वाद्यवृंदांबरोबरही भरपूर ध्वनिमुद्रणं केली. माझं मत स्पष्ट आहे: ती गाणी चांगली आहेत, पण लिडिया त्यांत पूर्ण सापडत नाही. नाचाच्या मेळात ताल चौकटीसारखा पक्का असतो, पावलं चुकता कामा नयेत. एकटी गाताना ती ओळीच्या शेवटी अर्धी मात्रा थांबायची, एखादा शब्द जरा आधीच टाकायची, आणि गिटार तिच्याबरोबर थांबायची, कारण ती तिच्याच हातात होती. मेळाला ते करता येत नाही. शिवाय अकॉर्डियनचा सूर तिच्या आवाजाच्याच उंचीवर येतो आणि दोघं एकाच दारातून जायला धडपडतात. चेलो सिल्वासारख्या गायिकेला वाद्यवृंद शोभतो. तिचा बोलेरो दाट, रात्रीचा आहे. लिडियाला उघडी जागा लागते.

‘सरहद्दीवरचा चंडोल’ आणि ‘गरिबांची गायिका’ ही तिची दोन बिरुदं. पहिलं जाहिरातीत शोभतं. दुसरं मला खरं वाटतं, आणि ते तिने संगीताचा विचार म्हणून पाळलं. गाणं कोरिदो आहे की वाल्स, बोलेरो आहे की पोल्का, याने आपल्याला फरक पडत नाही. गाताना आपण ते गाणं जगतो, अशा अर्थाचं ती सांगत असे. हे वाक्य अनेक गायक म्हणतात. लिडियाच्या बाबतीत ते तपासून पाहता येतं. तिने आयुष्यभर फर्माईश घेतली. कार्यक्रमाची यादी आधी ठरवून, तीच गाणी गाऊन उतरायचं, हे तिला मान्य नव्हतं. शेकडो गाणी तोंडपाठ, स्वरलिपीचा कागद नाही. श्रोत्याने मागितलेलं गाणं त्या क्षणी गायचं आणि तरी ते ओठांवरून न गाता आतून गायचं, ही फार कठीण अट आहे. ती पाळायची तर गाण्याची निवड शिकतानाच करावी लागते. जे गाणं आपण कधीच जगू शकणार नाही, ते पाठच करायचं नाही. मग मंचावर कुणी काहीही मागितलं तरी खोटं गावं लागत नाही.

भाषेच्या बाबतीतही तेच. टेक्ससच्या शाळांमध्ये स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना शिक्षा होत, तो काळ होता. लिडियाने इंग्रजी बाजाराकडे जाण्यासाठी भाषा बदलली नाही. शाळेत न गेलेली ही बाई, घरी आईने शिकवलेल्या अक्षरांवर, तीच भाषा रेडिओवरून आणि तबकडीवरून इतक्या स्वच्छ उच्चारांत घराघरांत पोहोचवत राहिली, की ज्यांना ती शाळेत बोलता येत नव्हती त्यांना ती गाण्यात पूर्ण ऐकू यायची.

मानसन्मान उशिरा आले आणि भरपूर आले. १९७१ मध्ये स्मिथसोनियनच्या लोकजीवन महोत्सवात ती गायली, १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या शपथविधीच्या सोहळ्यात. १९८२ मध्ये लोककलावंतांसाठीची राष्ट्रीय वारसा फेलोशिप पहिल्यांदाच दिली गेली, त्या पहिल्या मानकऱ्यांमध्ये ती होती. त्याच वर्षी तिने फ्रेझ्नोच्या विद्यापीठात शिकवलंही. १९८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि गिटार थांबली. १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक मिळालं. २० डिसेंबर २००७ रोजी सॅन अँटोनियोत ती गेली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं.

तिचं गाणं आज ऐकायला मिळतं ते क्रिस स्ट्राखवित्स या माणसाच्या नादामुळे. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात आरहूली ही कंपनी काढून त्यांनी सरहद्दीवरच्या जुन्या तबकड्या गोळा केल्या, स्वच्छ करून पुन्हा प्रकाशित केल्या, आणि त्या संग्रहाचं डिजिटल रूप पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने सांभाळलं. फ्रोंतेरा संग्रह या नावाने तो संगणकावर चाळता येतो.

ऐकायला सुरुवात करायची तर १९३४ च्या ‘माल ओम्ब्रे’पासून करावी, आणि तेही स्पॅनिश येत नसेल तर शब्दांचा अर्थ आधी वाचून. पहिल्यांदा फक्त आवाज ऐकावा, दुसऱ्यांदा फक्त खर्जाच्या तारा. त्यानंतर तीसच्याच दशकातलं एखादं वाल्स आणि एखादा कोरिदो, म्हणजे हात कसा बदलतो ते कळेल. मग युद्धानंतरचं, अकॉर्डियनबरोबरचं एखादं गाणं घ्यावं आणि ओळींचे शेवट ताडून पाहावेत. तिच्या उतारवयातली एकटीची ध्वनिमुद्रणं अगदी शेवटी. आवाज तोवर दोन-तीन सूर खाली आलेला आहे, कडा घासल्या आहेत, पण ओळ संपल्यावर गिटार मोकळी सोडण्याची सवय तशीच आहे. आणि तबकडीची खरखर काढून टाकणारे फार सफाईदार नमुने शक्यतो टाळावेत. खरखरीबरोबर बारीक तारांचा वरचा टणत्कारही पुसला जातो, आणि बारा तारा सहाच असल्यासारख्या ऐकू येतात.